भार कुठे आहे? डोंबिवलीतल्या एका सकाळच्या योगवर्गाची थीम ठरवताना

डोंबिवली पूर्वेतल्या एका जुन्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. बॅच पावणेसहाची. पावणेसातला संपलीच पाहिजे, कारण निम्म्या लोकांना फास्ट लोकल गाठायची असते आणि उरलेल्यांच्या घरी डबे भरायचे असतात. हजेरीपटावर पंचवीसेक नावं, रोज प्रत्यक्ष येणारे पंधरा-सोळा. वय चोविशीपासून पंचाहत्तरीपर्यंत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांची कंबर जुनी दुखरी आहे पण ते कबूल करत नाहीत. गुडघेदुखीवाल्या तीन काकू, दोन शाळाशिक्षिका, रात्रपाळी संपवून थेट वर्गाला येणारी एक नर्स, फोर्ट आणि बीकेसीला जाणारे पाच-सहा जण, घरूनच काम करणारा आयटीतला एक मुलगा. शिवाय आईला सोबत म्हणून येणारी फिजिओथेरपीची एक विद्यार्थिनी, जिचा पुढे बराच उपयोग झाला.

शिकवणारी चाळिशीतली. तिला सगळे ताई म्हणतात, पंचाहत्तरीचे काकासुद्धा. मी तिला नावाने हाक मारते, पण इथे मीही ताईच म्हणेन. दोनशे तासांचा कोर्स झालेला, हाताशी काही वर्षांचा अनुभव, आवाज चांगला, सूचना स्पष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर तिने मला विचारलं, "मॅडम, एकदा वर्गाला येऊन बसाल का? माझ्या थीम लोकांपर्यंत पोचत नाहीयेत."

थीम तिच्या वहीत रोज लिहिलेली असायची. सोमवारी कृतज्ञता, मंगळवारी 'हृदय उघडणं', बुधवारी 'सोडून देणं', गुरुवारी मणिपूर चक्र (नाभीपाशी मानलेलं ऊर्जेचं केंद्र), शुक्रवारी अहिंसा. पुढच्या सोमवारी पाटी पुन्हा कोरी. यातल्या काही कोर्सच्या नोट्समधल्या, काही इन्स्टाग्रामवरच्या रील्समधल्या आणि बऱ्याचशा आदल्या रात्री अकरा वाजता धास्तीने सुचलेल्या. वर्ग सुरू होताना दोन-तीन मिनिटं त्या विषयावर बोलायचं, मग आसनं, आणि शवासनात पुन्हा त्याच विषयाची आठवण करून द्यायची. मधल्या पन्नास मिनिटांत थीमचा मागमूस नसायचा. कृतज्ञतेच्या दिवशीचं त्रिकोणासन आणि अहिंसेच्या दिवशीचं त्रिकोणासन यांत एका शब्दाचाही फरक नव्हता. वर भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखी थीम: दिसायला बरी, खालच्या भाजीशी तिचा संबंध नाही.

एका काकूंनी हे फार नेमकं सांगितलं होतं. 'सोडून देणं'च्या बुधवारी त्या म्हणाल्या, "ताई, सोडायचं ते सोडते मी, पण आधी या गुडघ्याचं काय करायचं ते सांगा." सगळे हसले, ताईही हसली, पण तिला ते लागलं.

आणि जिथे थीम आसनांपर्यंत पोचायची, तिथे ती भलतीकडेच न्यायची. 'हृदय उघडणं' म्हटल्यावर मागे वाकणं आलंच. मग सकाळी सहाच्या आत, जेमतेम दहा मिनिटं हालचाल झालेल्या अंगाने उष्ट्रासन आणि धनुरासन. आयटीतला मुलगा दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर आला नाही, पाठ धरली होती. थीम आधी आणि वर्ग नंतर असा क्रम लागला, की शब्दाला शोभतील अशी आसनं शोधली जातात. समोर बसलेल्यांना ती झेपतील का, हा प्रश्न मागे पडतो.

दारातल्या चपला

मी जाऊन बसले ती मुद्दाम वेळेच्या आधी. वर्ग कसा चालतो हे पाहण्यापेक्षा वर्ग नसताना माणसं कशी उभी राहतात, हे मला पाहायचं होतं. हॉलचं कुलूप उघडेपर्यंत सगळे व्हरांड्यात उभे. लोकलवाले बॅग पोटाशी धरून, एका पायावर रेलून, दुसरा गुडघा ढिला सोडून. म्हणजे गाडीत उभं राहतात तसेच. डोंबिवली ते सीएसएमटी तासाभराहून जास्तच, आणि बसायला मिळालं तर ते नशीब. काकूंचं उभं राहणं वेगळं: पोट पुढे, कमरेत खोलगट बाक, गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे. स्वयंपाकाच्या ओट्याशी तासन्‌तास असंच उभं राहणं होतं. काका दोन्ही पावलं बाहेर फाकवून, भार सगळा टाचांवर.

मग दारातल्या चपला पाहिल्या. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात ताडासन, म्हणजे नुसतं ताठ उभं राहण्याचं आसन, समजावताना हेच सांगितलंय, की बुटांच्या टाचा आणि तळ कसे झिजलेत त्यावरून माणूस भार कुठे टाकतो ते कळतं. मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगते, वर्गाआधी चप्पल-स्टँडपाशी दोन मिनिटं थांबा. इथे काकांच्या उजव्या चपलेची टाच बाहेरून जवळजवळ तिरकी कापल्यासारखी होती, डावी मात्र शाबूत. लोकलवाल्या एका मुलीच्या सँडलचं उलटं, आतली कड बसलेली.

वर्ग सुरू झाला. त्या दिवशीची थीम 'मनाची शांती'. ताडासन साधारण दहा सेकंद, "सरळ उभे राहा, श्वासाकडे लक्ष द्या" एवढ्या सूचनेवर, आणि लगेच सूर्यनमस्कार. वर्ग संपल्यावर चहा घेताना मी ताईला म्हटलं, "अगं, तुझी थीम त्या व्हरांड्यात उभी होती."

काय काय मोडीत काढलं

आमच्या शिकण्याच्या काळात थीम हा शब्दच कुणी वापरत नसे. होता तो क्रम. पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेची वास्तू १९७५ साली उभी राहिली. तिथली महिन्याची रीत बहुतेक योगशिक्षकांना ऐकून माहीत असते: पहिला आठवडा उभ्याने करायची आसनं, दुसरा पुढे वाकण्याची, तिसरा मागे वाकण्याची, चौथा विश्रांतीची आसनं आणि प्राणायाम. यात कुठलाही सुविचार नाही, पण शिकणाऱ्याला दर महिन्याला तीच जागा पुन्हा भेटते आणि मागच्या खेपेपेक्षा काय बदललं ते त्याचं त्यालाच कळतं. रोज नवी थीम देणाऱ्या वर्गात नेमकं हेच हरवतं. थीमच्या मी विरोधात नाही. चांगली थीम त्या क्रमाला एक धागा देते. पण धाग्याची लांबी एका दिवसाची असेल तर त्यात काही ओवताच येत नाही.

म्हणून पहिला निर्णय सोपा होता: एक थीम, चार आठवडे. ताई दचकली. "लोक कंटाळतील हो." तिची भीती पूर्ण खोटी ठरली नाही, ते पुढे येईलच.

थीम कोणती, यावर आम्ही दोन संध्याकाळी वाद घातला. ताईची पहिली पसंती 'समत्व'. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'समत्वं योग उच्यते' आहेच, त्यामुळे आधार भक्कम. मी विचारलं, समत्व आहे की नाही हे पावणेसहाला आलेल्या माणसाला कशावरून कळेल? तिच्याकडे उत्तर होतं ते मनाबद्दलचं. पायाबद्दलचं नव्हतं. समत्व बाजूला.

दुसरा प्रस्ताव ऋतूचा. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येप्रमाणे ग्रीष्मात साचलेला वात वर्षा ऋतूत भडकतो. पावसाळ्यात सांधे कुरकुरतात हे काकू स्वतःच सांगतात. विषय वेळेला धरून होता आणि लोकांना पटलाही असता. अडचण अशी, की ताई वैद्य नाही. चार दिवस वातावर बोलली की पाचव्या दिवशी कुणीतरी गोळ्या घेऊन येतं आणि विचारतं, ही चालू ठेवू का? शिवाय 'वात' म्हटल्याने वीरभद्रासनात पाय कुठे ठेवायचा हे ठरत नाही. ऋतूतून आम्ही एवढंच घेतलं की महिनाभर गती कमी ठेवायची आणि अंग तापवायला जास्त वेळ द्यायचा.

अहिंसा मला मनापासून आवडणारी थीम. ती आसनापर्यंत पोचतेही, कारण दुखावून पुढे जायचं की थांबायचं हा निर्णय प्रत्येक आसनात असतो. पण या वर्गात काका आणि आयटीतला मुलगा सोडले तर कुणी स्वतःला जास्त ताणत नव्हतं. उलट बाकीचे जरा कमीच करत. त्यांना अहिंसा सांगितली असती तर आणखी सवलत मिळाली असती. योग्य विषय, चुकीचा वर्ग. ती थीम वहीत राहिली.

चक्रांवर फार चर्चा झाली नाही.

उरलं ते व्हरांड्यात पाहिलेलं. माणसं उभी कशी राहतात. ताईने वहीत लिहिलं: 'दोन्ही पायांवर सारखा भार.' मी तिला तीन गोष्टी पडताळायला सांगितल्या. हा विषय पहिल्या पाच मिनिटांत अंगाला जाणवतो का? उभ्याने, बसून आणि झोपून करायच्या आसनांत तो सापडतो का? आणि वर्गातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला तो पूर्णपणे करता येतो का, की त्याला कोपऱ्यात 'तुमच्यापुरतं' काहीतरी द्यावं लागेल? तिन्हींवर विषय टिकला.

पहिला आठवडा आणि दोन वजनकाटे

सोमवारी ताई प्रस्तावनेत काहीच बोलली नाही. हे तिला सगळ्यांत जड गेलं असावं. तिने सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाली, "हलू नका. आत्ता आहात तसेच राहा. कुठल्या पायावर जास्त वजन आहे?" थोड्या वेळाने: "टाचेवर की चवड्यावर? अंगठ्याच्या बाजूला की करंगळीच्या?" मग डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटले की तोल सांभाळायला नजरेची मदत मिळत नाही, सगळं काम तळव्यांवर आणि घोट्यांवर येतं. अर्धा वर्ग डोलायला लागला. दोन काकूंनी भिंत धरली, आणि ती धरायला आधीच सांगून ठेवलं होतं.

ताडासन पूर्वी दहा सेकंदांचं होतं, ते सहा-सात मिनिटांचं झालं, मध्ये मध्ये चालून येऊन. टाचेचा मध्य, अंगठ्यामागचा उंचवटा, करंगळीमागचा उंचवटा, या तीन जागा जमिनीला लागलेल्या ठेवायच्या. ज्यांचे गुडघे मागे ताणले जातात त्यांना "गुडघा सरळ करा" म्हणायचं नाही, कारण ते आधीच गरजेपेक्षा जास्त सरळ आहेत. त्यांना टाचेवरून थोडं चवड्याकडे यायला सांगायचं. त्रिकोणासनात मागच्या पायाची बाहेरची कड उचलली जाते का, वीरभद्रासनात सगळं वजन पुढच्या वाकलेल्या पायावर लोटलं जातं का, वृक्षासनात उभ्या पायाचा अंगठा जमिनीला चिमटा काढल्यासारखा गोळा होतो का. सगळे प्रश्न एकाच जातीचे. भिंतीजवळ काका वृक्षासन करत होते ते पावलाचा चवडा जमिनीवर आणि टाच दुसऱ्या घोट्याला टेकवून. पण प्रश्न त्यांनाही तोच, आणि उत्तर द्यायला ते इतरांपेक्षा आधी तयार. "उजव्यावर. कायम उजव्यावर," असं ते मोठ्याने सांगत.

गुरुवारी फिजिओथेरपीच्या मुलीने हात वर केला. "ताई, सारखा भार कुणाचाच नसतो. बहुतेकांच्या दोन्ही पायांच्या लांबीतसुद्धा थोडा फरक असतो. चपलेची टाच बाहेरून थोडी झिजणंही नॉर्मल आहे. दोन चपलांमध्ये फार फरक असेल तर बघायचं." शुक्रवारी ती घरातून आणि शेजारून असे दोन वजनकाटे घेऊन आली. एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून उभं राहायचं, मान वरच ठेवायची, आकडा दुसऱ्याने वाचायचा. काकांच्या दोन पायांत सात-आठ किलोंचा फरक आला. काटे वेगवेगळ्या कंपनीचे, म्हणून तिने काट्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहिलं. फरक थोडा कमी झाला, पण बाजू तीच राहिली. काका जरा वरमले, मग म्हणाले, "बँकेत छत्तीस वर्षं उजव्या कोपरावर रेलून बसलोय." गंमत म्हणजे काही जणांना आपण डाव्या पायावर आहोत असं ठामपणे वाटत होतं आणि काटा उजवा पाय दाखवत होता.

या मुलीच्या आक्षेपाने थीम बदलली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. 'दोन्ही पायांवर सारखा भार' हे विधान आहे. त्यात शिकणाऱ्याने काय व्हायचं ते आधीच ठरलेलं आहे, आणि जो तसा होऊ शकत नाही तो नापास. ज्याचा एक पाय खरोखर थोडा आखूड आहे त्याला आपण रोज सकाळी खोटं बोलायला लावत होतो. ताईने वहीतली ओळ खोडून नवी लिहिली: 'भार कुठे आहे?' आता प्रत्येकाचं उत्तर वेगळं असू शकत होतं, आणि दर उत्तर खरं. सूचनाही आपोआप बदलल्या. "सारखं करा" ऐवजी "बघा, आणि थोडं दुसरीकडे देऊन बघा, काय होतं?"

विधानाच्या रूपातली थीम शिक्षकाने बोलायची असते. प्रश्नाच्या रूपातली थीम वर्गाला करावी लागते. 'कृतज्ञता' हा विषयही कदाचित वाचला असता, जर कुणाला त्याचा अंगाने उत्तर देता येईल असा प्रश्न करता आला असता. मला आजवर तो जमलेला नाही.

आषाढी

दुसरा आठवडा बसून करायच्या आसनांचा. दंडासन, जानुशीर्षासन, पश्चिमोत्तानासन. बसल्यावर भार दोन बैठकीच्या हाडांवर, आणि तिथेही एक बाजू जड. मांडी घालताना प्रत्येकजण कायम तोच पाय वर ठेवतो हे पाहून लोकांना पायांपेक्षाही जास्त आश्चर्य वाटलं. घडी घातलेली चादर बैठकीखाली घेतली की कंबर मोकळी होते हेही या आठवड्यात अनेकांना पहिल्यांदा कळलं. बाकी आठवडा सुरळीत.

आषाढी एकादशी याच आठवड्यात आली. निम्मा वर्ग उपाशी, तीन जणी पांढऱ्या-पिवळ्या साड्यांत, एका काकूंचे जाऊबाई-दीर वारीत. ताईने आदल्या दिवशी मला फोनवर विचारलं, "विठ्ठल घेऊ का?" मला कळेना यात विचारायचं काय. पंढरपूरची मूर्ती विटेवर, दोन्ही पाय जुळवून, हात कमरेवर. महाराष्ट्रात ताडासन समजावायला याहून ओळखीची आकृती दुसरी नाही. तरी तिने विचारलं याचं मला कौतुक वाटलं.

तिने ते छान केलं. हात कमरेवर ठेवून उभं राहायला सांगितलं, पाय जुळवून, आणि म्हणाली, "अठ्ठावीस युगं म्हणतात. आपण तीन मिनिटं." कमरेवर हात ठेवल्यामुळे ओटीपोट पुढे पडतंय की मागे, ते हातालाच कळतं, म्हणजे आकृती नुसती भावनेची नव्हती, कामाचीही होती. तीन मिनिटांच्या शेवटी हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. एका काकूंचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, घरातल्या तसबिरीकडे इतकी वर्षं बघतेय, पायांकडे कधी पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी नर्सचा ताईला मेसेज आला. ती ख्रिश्चन, वसईकडची, मराठी आमच्याइतकीच. मेसेज सभ्य आणि छोटा होता: उद्याही असंच असेल का? असलं तरी हरकत नाही, फक्त आधी कळलं तर बरं.

यावर ताई दोन टोकांना गेली. आधी म्हणाली, उद्या सगळ्यांसमोर माफी मागते. मग म्हणाली, आपलीच संस्कृती आपण लपवायची का? मला दोन्ही नको वाटलं. माफी मागितली असती तर काकूंच्या डोळ्यांतल्या पाण्याची माफी मागितल्यासारखं झालं असतं, आणि ती नर्स विनाकारण सगळ्यांच्या नजरेत आली असती. पण तिचा प्रश्न खरा होता. मी एवढंच विचारलं: विठ्ठल काढून घेतला तर थीम उभी राहते का? राहते. 'भार कुठे आहे?' हा प्रश्न विठ्ठलाच्या आधीही होता आणि नंतरही चालणार होता. मग काळजी नाही. आषाढीचा दिवस आषाढीचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तळवे. ताईने तिला तसं कळवलं, आणि पुढे कधी सणावरून काही घेणार असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांनाच सांगायचं असा नेम केला. ती नर्स येत राहिली. हीच तारीख आणि हीच मूर्ती घेऊन महिनाभराची थीम केली असती तर मात्र तिच्यासाठी दार बंद झालं असतं, आणि आम्हाला ते कळलंही नसतं.

जिथे थीम ताणली गेली

तिसऱ्या आठवड्यात मागे वाकणं. सेतुबंधासन ठीक जमलं: दोन्ही तळवे जमिनीत रोवताना एक पाय आळशी राहतो आणि ओटीपोट त्या बाजूला कलतं, हे जोडीदाराला दिसतं. भुजंगासनात तळहातांवरचा भार पाहता आला. शलभासनात प्रश्नाला अर्थच उरेना, कारण तिथे भार पोटावर आणि तो तिथेच असणार. ताईने तरी दोन दिवस ओढून ताणून विचारलं. आयटीतला मुलगा, जो आता परतला होता, म्हणाला, "ताई, किती दिवस नुसतं पायच?" कंटाळा आला होता आणि तो रास्त होता.

इथे मी सुचवलं की प्रश्न वेगात घालून बघ. शुक्रवारी सूर्यनमस्कार घेतले, पण सुरुवातीला काही न सांगता. चार झाल्यावर विचारलं, "मागे कुठला पाय आधी जातो?" जवळजवळ सगळ्यांचा उजवा, दर वेळी. पाय आलटून पालटून न्यायचे असतात हे सगळ्यांना माहीत होतं, तोंडपाठ होतं, करत मात्र कुणी नव्हतं. डावा आधी न्यायला लावल्यावर पाठ असलेले सूर्यनमस्कार अडखळले आणि तरुण मंडळी एकदम जागी झाली.

याच दिवशी, वर्गाच्या शेवटी, ताईने पतंजली पहिल्यांदा काढला. तिला तो पहिल्याच सोमवारी सांगायचा होता, मी थांबवलं होतं. त्याच्या योगसूत्रांत एकूण सूत्रं १९५ किंवा १९६, पाठाप्रमाणे. त्यातली थेट आसनाबद्दलची फक्त तीन, दुसऱ्या पादातली, म्हणजे प्रकरणातली, ४६ ते ४८. आसन स्थिर आणि सुखाचं असावं. ते प्रयत्न सैल केल्याने आणि अनंतावर चित्त जडवल्याने साधतं. मग थंडी-उष्णतेसारख्या द्वंद्वांचा मारा लागत नाही. तीन आठवडे तळव्यांशी झटलेल्या लोकांना 'स्थिर' म्हणजे काय हे समजावावं लागलं नाही. सूत्र आधी सांगितलं की लोक मान डोलावतात. नंतर सांगितलं की शंका विचारतात. काकांनी विचारलं, "प्रयत्न सैल करायचा तर मग तीन आठवडे प्रयत्न कशाला करून घेतला?" यावर ताईकडे उत्तर नव्हतं आणि तिने ते नाही असंच सांगितलं. मला तो वर्गाचा उत्तम क्षण वाटला.

चौथा आठवडा श्वासाचा. इथे थीम सोडून द्यायला हवी होती असं माझं मत, ताईचं नाही. तिला अनुलोम-विलोममध्ये दोन्ही नाकपुड्यांतून सारखा श्वास हवा होता. पण नाकपुड्या आळीपाळीने मोकळ्या आणि चोंदलेल्या होणं हा शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे. काही तासांनी बाजू बदलते, आपल्याला पत्ता नसतो. 'आत्ता कुठली मोकळी आहे?' एवढं विचारणं चालेल, 'सारखी करा' म्हणणं नाही. ती शेवटी या तडजोडीला आली. विपरीत करणी, म्हणजे झोपून पाय वर करणं, भिंतीशी घेतली; काचबिंदू असलेल्या काकूंना आणि रक्तदाब वर-खाली होणाऱ्या एका शिक्षिकेला त्याऐवजी खुर्चीवर पाय ठेवून झोपवलं.

महिन्यानंतर

काय बदललं, याचं उत्तर देताना हात आखडता घेते. पावसाळ्यात हजेरी कमी होतेच. त्या महिन्यात ती नेहमीपेक्षा बरी होती की नाही यावरून काही सिद्ध होत नाही. कुणाचे गुडघे बरे झाले नाहीत. काकूंनी सांगितलं की ओट्याशी उभं राहताना आता त्या पाय बदलतात, दुखणं आहे तेवढंच आहे पण संध्याकाळी उशिरा सुरू होतं. बीकेसीला जाणारी मुलगी म्हणाली, दिव्याला गाडी थांबली की ती भाराची बाजू बदलते, तसा नियमच करून टाकलाय. काका अजून उजव्या पायावरच आहेत, फक्त आता ते त्यांना माहीत असतं आणि ते इतरांचेही पाय बघत बसतात, हा नवा त्रास.

ताईमध्ये झालेला फरक मला जास्त दिसतो. प्रस्तावनेची तीन मिनिटं गेली. ती वर्गात फिरायला लागली, कारण प्रश्न विचारला की उत्तर बघायला जावं लागतं. रात्री अकराची धास्ती गेली. वहीत आता महिन्याला एक ओळ असते आणि खाली कोणाचं उत्तर काय आलं त्याच्या नोंदी.

पुढच्या थीमसाठी आम्हाला बसावं लागलं नाही. चौथ्या आठवड्यात शवासनातून उठताना ताईच्या लक्षात आलं, की सतरापैकी दोघंच हात न टेकता जमिनीवरून उठतात. श्रावण आणि मग गणपती तोंडावर, म्हणजे जमिनीवर बसणं-उठणं वाढणार. प्रश्न ठरला: 'खालून वर कसं येता?' काकूंनी लगेच हरकत घेतली, आम्ही हात टेकूनच उठणार. ताई म्हणाली, टेका, फक्त कुठला हात आणि कुठे ते सांगा. पहिला आठवडा खुर्चीवर बसण्या-उठण्याचा ठेवलाय. सोसायटीच्या लग्न-मुंजीच्या प्लास्टिक खुर्च्या रोज वापरायला सेक्रेटरींची परवानगी लागते, आणि त्या हात नसलेल्या हव्यात, भिंतीला टेकवून ठेवलेल्या, म्हणजे घसरणार नाहीत. तो अर्ज ताईने दिलाय.